आई आणि सासू यांच्यामधली बाई

मराठी कादंबरीतल्या नायिकेचे वय किती, असा प्रश्न कुणी परीक्षेत घातला, तर आमच्या शाळेतल्या मुली क्षणाचाही विलंब न लावता 'वीस' असे उत्तर लिहितील, आणि त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. विशीतली नायिका प्रेम करते, विशीतली नायिका विधवा होते, विशीतलीच माहेरच्या ओढीने रडते. तिशी उलटली की ती हळूहळू कथेच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाते, आणि पुढे ती दिसली तर दुसऱ्या कुणाची तरी आई किंवा दुसऱ्या कुणाची तरी सासू म्हणून दिसते. पंचेचाळीस वर्षांची बाई आपल्या कादंबऱ्यांत नाही असे नाही. ती जवळजवळ प्रत्येक कादंबरीत आहे. पण ती तिची स्वतःची कुणीच नाही.

मी प्राध्यापक नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही. शाळेत मुले शिकवावीत, रात्री कादंबऱ्या लिहाव्यात आणि ग्रंथालयातून आणून दुसऱ्यांच्या वाचाव्यात, एवढाच माझा व्यासंग. पण वऱ्हाडात राहून कादंबरीविषयी बोलायचे, तर एक मोठा आधार आमच्या गावचाच आहे. कुसुमावती देशपांडे, माहेरच्या जयवंत, १९०४ साली अमरावतीत जन्मल्या. 'मराठी कादंबरी: पहिले शतक' हा त्यांचा ग्रंथ १९५३-५४ साली प्रसिद्ध झाला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या; संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यांचे पती कवी अनिल हे अकोल्याच्या बाजूचे, मूर्तिजापूरचे. अमरावती आणि अकोला यांचा असा संयोग मराठी वाङ्मयात पुन्हा झालेला नाही! कुसुमावतींनी कादंबरीच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला. त्या शंभर वर्षांत आणि त्यापुढच्या सत्तर वर्षांत नायिकेचे वय कसकसे वाढत गेले, एवढाच हिशेब मला या पानांवर मांडायचा आहे. तो मांडला की वाङ्मयाची एक उणीव दिसते, आणि तिचा संबंध आपल्या घरातल्या बायकांच्या झोपेशी कसा पोचतो तेही दिसते.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) तरुण यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. एका पुरुषाने बाईच्या अंतःकरणात शिरून लिहिलेली ती कहाणी वाचून आजही डोळे भरतात; पण यमू म्हणजे अजून पोरच. फडके-खांडेकरांच्या काळी नायिका कॉलेजात गेली, तरी तिचे वय कॉलेजाच्या फाटकापाशीच थांबले. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! लग्नाचे वय उलटून चाललेल्या, शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनात काय चालते, ते तोवर कुणी छापले नव्हते. लेखिकेला टोपणनावाच्या आड राहावे लागले, यावरून ते खरे बोलणे समाजाला किती झोंबले याची कल्पना येते. पण निःश्वास होते ते कळ्यांचे. फूल होऊन गेलेल्या, देठाशी उभ्या असलेल्या बाईच्या निःश्वासाला अजून कुणी कान दिला नव्हता.

हा निःश्वास कसला, ते आता सांगायला हवे. दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल कुणी नाक मुरडील. परंतु ती चकली ज्या हातांनी तळली, त्या हातांचाच हा विषय आहे.

चाळिशीच्या मध्याला बाईची पाळी अनियमित होऊ लागते. कधी महिन्यात दोनदा, कधी दोन महिने नाहीच. ही धरसोड काही वर्षे चालते, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. बहुतेक स्त्रियांत हे पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात घडते. आपल्या देशात सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीलाच, म्हणजे युरोपातल्या बायकांपेक्षा काही वर्षे आधी. या मधल्या काळात अंगातल्या इस्ट्रोजेन या द्रव्याची पातळी एकसारखी उतरत नाही. ती वरखाली हेलकावे खाते. त्या हेलकाव्यांबरोबर अंगातून कढत वाफ निघाल्यासारखे होते, रात्री घामाने जाग येते, छातीत धडधडते, आणि ज्या बाईने आयुष्यात कशाची भीती बाळगली नाही तिला पहाटे तीन वाजता विनाकारण धास्ती वाटू लागते. मुलगा गाडीवरून पडला असेल. गॅस सुरू राहिला असेल. आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला असेल. सकाळी ती उठते, डबे भरते, आणि कुणी विचारलेच तर म्हणते, "काही नाही वो बाई, जीव घाबरल्यावानी होते."

'जीव घाबरल्यावानी होते.' आमच्या वऱ्हाडात या सगळ्या प्रकरणाला एवढेच एक वाक्य आहे. प्रमाण मराठीत उलघाल, घालमेल, कासाविशी, हुरहूर असे एकाहून एक सुंदर शब्द आहेत. पण ते सगळे विरहिणीला वाहिलेले आहेत. पाळी जाण्यालाच पाहा: 'विटाळ गेला' हा जुना शब्द. म्हणजे जे गेले ते वाईटच होते, आता बाई मोकळी झाली, देवघरात केव्हाही जाईल, पंढरीला केव्हाही निघेल, असा त्याचा अर्थ. त्या शब्दात एक प्रकारचा मान आहे, हे नाकारता येणार नाही. जुन्या घरात या वयाच्या बाईच्या कमरेला किल्ल्या येत. पण जाताना जे हलले, जे घाबरले, त्याला त्या शब्दात जागा नाही. 'रजोनिवृत्ती' हा शास्त्रीय शब्द पुस्तकातून आला तो पुस्तकातच राहिला. हल्ली 'मेनोपॉज' म्हणतात. तोही दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा शब्द. ज्या अनुभवाला भाषेत घरगुती नाव नाही, त्याला ते मिळवून देणे हे काम वैद्याचे नव्हे, लेखकाचे आहे. आपल्या लेखकांनी ते केले का?

माझे उत्तर असे, की आपल्या वाङ्मयाने या बाईला दोन मुखवटे दिले आणि तिचा चेहरा मात्र पाहिला नाही. पहिला मुखवटा आईचा. तो मुलाच्या लेखणीतून उतरला. साने गुरुजींची 'श्यामची आई' हे त्याचे परमोच्च उदाहरण. कर्जाने वाकलेली, अपमानाने पोळलेली, आजाराने खंगलेली ती माउली मराठी घराघरांत पूजिली गेली, आणि योग्यच झाले. परंतु त्या पुस्तकात आपण जे पाहतो ते श्यामने पाहिलेले. श्याम झोपल्यानंतर आई जागी असताना तिच्या मनात काय येत होते, ते श्यामला दिसणे शक्य नव्हते. मुलाच्या डोळ्यांना आईचे कष्ट दिसतात, अश्रूही दिसतात. धास्ती दिसत नाही, कारण आई ती सर्वांत आधी मुलापासूनच लपवते. शिवाय आई एकदा देव झाली की तिला घाबरण्याचीही सोय राहत नाही.

दुसरा मुखवटा सासूचा. तो सुनेच्या बाजूने घडला. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. लहान पोरी ती म्हणतात आणि त्यांत सासर-माहेराचा सगळा हिशेब येतो. सासू त्यांत कशी असते ते सांगायला नको. पुढे कथा-कादंबऱ्यांत, नाटक-सिनेमांत आणि आता रोजच्या मालिकांत तीच सासू खाष्ट, संशयी, उगाच चिडणारी, दाराआड कान देणारी, क्षणात रडणारी आणि क्षणात गरजणारी अशी उभी राहिली. ही सगळी विशेषणे एका कागदावर उतरवून काढा, आणि त्या बाईचे वय मनात आणा. मुलाचे लग्न विशी-पंचविशीत, तिचे स्वतःचे झाले होते सोळा-सतराव्या वर्षी. म्हणजे सून घरात येते तेव्हा सासू चाळिशी ओलांडून पुढे निघालेली. झोप नाही, छातीत धडधड, अंगाची काहिली, मनाला स्वस्थता नाही, आणि नेमक्या त्याच वर्षी घरात एक तरुण बाई आलेली! सगळ्या सासवा केवळ शरीरामुळे खाष्ट असतात असे मी म्हणत नाही. दुष्टपणाला वयाची अट नसते. परंतु जिला आपण दोनशे वर्षे 'स्वभाव' म्हणत आलो, त्यातला काही भाग दुखणे असेल, ही शंका आपल्या एकाही मोठ्या कादंबरीकाराच्या मनात डोकावू नये, याचे नवल वाटते.

कुणी म्हणेल, बायकांनी स्वतः आत्मचरित्रे लिहिली आहेत, ती पाहा. जरूर पाहावीत. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत दुसरे नाही असे मी बेधडक म्हणेन. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केले त्या वेळची लक्ष्मीबाईंची तळमळ वाचताना अंगावर काटा येतो. मनाचा तोल जातो की काय अशा अवस्थेतून माणूस कसे पार पडते, याचा तो खरा दस्तऐवज आहे. पण ती तळमळ ऐन तरुणपणातली, आणि तिला कारण आहे. कारण असलेले दुःख सांगता येते. लोक ऐकतात, डोळे पुसतात. विनाकारण वाटणारी भीती सांगायला मात्र फार धैर्य लागते, कारण ऐकणारा पहिला प्रश्न करतो, "पण झाले काय?" आणि झालेले काहीच नसते.

या बाबतीत पुण्याच्या कर्वे घराण्याकडे पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. या एका घरात आपल्या प्रश्नाचे तीन धागे सापडतात. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलावे म्हणून त्यांनी खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. तथापि त्यांचे मुख्य कार्य संततिनियमनाचे, म्हणजे जिला मूल होऊ शकते अशा स्त्रीसाठीचे. जिला आता मूल होणार नाही, तिच्या शरीरावर बोलण्याची गरज त्या काळी सुधारकांनाही फारशी भासली नसावी.

दुसरा धागा रघुनाथरावांच्या भावजय इरावती कर्वे यांचा. त्यांचा 'परिपूर्ती' हा ललित निबंधांचा संग्रह १९४९ साली आला. बाई त्या वेळी त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यातला त्याच नावाचा निबंध बहुतेकांना ठाऊक असेल. सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. आणि घरी जाताना रस्त्यातली पोरे आपल्या वर्गातल्या कर्व्याची ही आई, असे एकमेकांना सांगतात तेव्हा ती ओळख पुरी होते. निबंध हसरा आहे, थोडा तिरकसही आहे, आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या विदुषीने तो लिहिला आहे हे विसरता कामा नये. पण मला तो वाचताना दर वेळी पुढचा प्रश्न पडतो. 'कर्व्याची आई' ही जर परिपूर्ती, तर कर्व्या मोठा होऊन घराबाहेर पडल्यावर काय? पूर्ण झालेल्या वर्तुळात पुढची तीस वर्षे बाईने कुठे उभे राहायचे? मजा अशी की त्याच १९४९ साली पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हार या बाईंचा 'द सेकंड सेक्स' हा ग्रंथ निघाला. त्यात प्रौढपणाकडून वार्धक्याकडे जाणाऱ्या स्त्रीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पाळी जाण्याच्या काळातल्या भयाबद्दल त्यात उघड लिहिले आहे. त्यांचा सूर मला जरा जास्तच काळोखा वाटतो. तरी त्यांनी तो प्रश्न प्रकरणाच्या मथळ्यात आणला, हे मोठे काम. करुणा गोखले यांच्या भाषांतराने हा ग्रंथ मराठीत आला आहे; ज्यांना इंग्रजीची अडचण वाटते त्यांनी तो अवश्य पाहावा.

तिसरा धागा इरावतीबाईंच्या कन्येचा. गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' १९८० साली आले. 'कारावासातून पत्रे', 'मध्य लटपटीत' आणि 'एकेक पान गळावया' अशा तीन दीर्घकथा त्यात आहेत. मधल्या कथेचे नावच पाहा! आयुष्याचा मध्य, आणि तो लटपटीत. शेवटच्या कथेतली राधा ही तर मराठी कथेत फार उशिरा आलेली पाहुणी आहे. नवरा गेलेला, मुले मोठी झालेली, आणि आता आपण कुणाच्या आधाराने नव्हे तर आपल्याच पायांवर, आपल्याच एकटेपणात राहावे काय, असा विचार करणारी बाई. ती कुणाची आई म्हणून कथेत येत नाही. ती राधा म्हणून येते. आईने जिथे परिपूर्ती म्हटली, तिथून पुढे लेकीने कथा सुरू केली, असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतीचे बोलणे ठरू नये. गौरीबाईंच्या नायिकांवर आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक मला मान्य आहे: त्या बायका परदेशी हिंडतात, इंग्रजी वाचतात, आणि त्यांना एकटे बसायला स्वतंत्र खोली असते. बडनेऱ्याच्या किंवा बाळापूरच्या बाईला यातले काय लागू?

तर मग आमच्याच मातीतली एक बाई पाहू. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. नायिका कौतिक, नवरा महादेव, व्यवसाय शिंप्याचा, आणि घरात दारिद्र्य. संवाद वऱ्हाडी बोलीतले, असे की पान उघडले की ओसरीवरचे बोलणे कानावर यावे. शेळके त्या वेळी जेमतेम तिशीचे होते. तरी संसार सावरणाऱ्या बाईच्या पोटातला गोळा त्यांनी असा लिहिला, की वाचणाऱ्याच्या पोटात तो उतरतो. बाईचे मन लिहायला बाईच हवी, या समजुतीला 'धग' हे आपल्या अमरावतीने दिलेले उत्तर आहे. आणि आणखी एका गोष्टीसाठी मला 'धग' इथे हवी आहे. कौतिकची काळजी कशाची? नवरा कमावत नाही, उद्याचे पीठ नाही, मुलांचे कसे होणार. हिच्यापुढे जाऊन कुणी शहाण्याने सांगावे की, बाई, ही तुझी धास्ती म्हणजे वयाचा परिणाम, द्रव्यांचे हेलकावे! ती ओवाळून टाकील त्याला. कापसाचा भाव पडला, सोयाबीनवर पाणी फिरले, सावकाराचा निरोप आला, थोरलीचे जमत नाही, या वऱ्हाडातल्या बायकांच्या काळज्या शरीरातून उगवलेल्या नाहीत.

इथेच समीक्षकाने सावध राहायला हवे. आजवर आपण या बाईची धास्ती 'स्वभाव' म्हणून झटकली. उद्या 'मेनोपॉज आहे, होईल बरे' म्हणून झटकू. शब्द नवा, झटकणे जुनेच! मला वाटते, खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे. काळजीचे कारण बाहेर असते आणि ती सोसणारे शरीर त्या वर्षांत आतून हललेले असते. पस्तिशीत जो कर्जाचा निरोप ऐकून ती दळण करायला बसली असती, तोच निरोप सत्तेचाळिशीत तिला रात्रभर जागवतो. परिस्थिती तीच, भार तोच. झोपेचा आधार तेवढा गेलेला. शास्त्रज्ञ यातला एक भाग मोजतो, समाजसुधारक दुसरा. दोन्ही भाग एका देहात, एका रात्री, एका वाक्यात एकत्र दाखवणे हे फक्त कादंबरीला जमते. म्हणून तर मी ही उणीव वाङ्मयाची म्हणते.

परभाषेत ते कसे जमले आहे, याचा एक दाखला देते. व्हर्जिनिया वूल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी १९२५ ची. नायिकेला बावन्नावे वर्ष लागलेले. कथा एका दिवसाची: सकाळी फुले आणायला बाहेर पडलेली बाई संध्याकाळी घरी मेजवानी देते. बस, एवढेच. पण त्या दिवसभर तिच्या मनात तरुणपणच्या आठवणी, निवडलेले आणि न निवडलेले आयुष्य, आजारानंतर दुबळे झालेले हृदय आणि काहीतरी भयंकर घडेल अशी एक बारीक धास्ती अखंड वाहत असते. वरून ती हसतमुख यजमानीण! आपल्याकडे दिवाळीच्या चार दिवसांत अशा किती यजमानिणी घरोघरी वावरत असतात. पाहुण्यांना तिसऱ्यांदा चहा विचारणारी, करंज्यांचा डबा पुढे करणारी, आणि मध्येच मोरीत जाऊन तोंडावर गार पाण्याचा हबका मारून परत येणारी. यांच्यातल्या एकीचा एक दिवस मराठीत कुणी लिहील काय?

लिहिले नाही तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे बोलते. अमरावतीत 'डफरीन' आणि अकोल्यात 'लेडी हार्डिंग' ही नावे कुठल्याही रिक्षावाल्याला सांगा. व्हाइसरॉयांच्या बायकांची ही नावे आमच्याकडे बाळंतपणाला समानार्थी झाली आहेत. "डफरीनमध्ये आहे" म्हटले की पुढचा प्रश्न, "मुलगा की मुलगी?" पाळी सुरू असलेल्या बाईला भाषेत घर आहे. पाळी जात असलेल्या बाईने जीव घाबरतो म्हणून कुठे जायचे, याचे असे कोणतेच घरगुती नाव नाही. मग ती अंगाऱ्याकडे जाते, शेजारणीच्या झोपेच्या गोळ्यांकडे जाते, किंवा 'पिशवीच काढून टाका' या सल्ल्याकडे जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकी ऐन तारुण्यात. तिथे दारिद्र्य आणि मजुरीचा खाडा ही मुख्य कारणे होती. पण ज्या समाजात बाईचे शरीर बोलायला लाजते, तिथे ते कापायला मात्र कुणी लाजत नाही, हे त्यावरून दिसते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर जे वर्षानुवर्षे हळूहळू व्हायचे ते एका रात्रीत होते, हे किती जणींना आधी सांगितलेले असते?

ज्या भगिनी हे वाचत असतील त्यांच्यासाठी चार ओळी सरळ लिहिते. ही धास्ती वेड नव्हे. छातीत धडधडते म्हणून एकदा रक्त तपासावे. थायरॉइडचा बिघाड आणि रक्तक्षय याच वेशात येतात, आणि दोन्हींवर औषध आहे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर वयावर ढकलून घरी बसू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर दिवाळी आहे म्हणून थांबू नये. संप्रेरकांचे उपचार आहेत. ते कुणाला चालतात, कुणाला चालत नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचे. भीतीच्या विचाराला धरून त्याची उलटतपासणी करायला शिकवणारे मानसोपचार आहेत, आणि त्यांचा गुण येतो. रोजचे चालणे आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद करणे यांनीही झोपेला मदत होते. बोलायला कुणीच नसेल तर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

आता पुन्हा पुस्तकांकडे. या वयाची वऱ्हाडातली बाई काय वाचते, हे समीक्षकांनी कधी पाहिले आहे का? ती पोथी वाचते. दासगणूंच्या 'गजानन विजया'चे एकवीस अध्याय किती घरांत पहाटे वाचले जातात, आणि अकोल्याहून शेगावच्या वाटेवर पायी निघालेल्या बायकांत याच वयाच्या किती असतात, ते डोळे उघडून पाहावे. सुशिक्षित मंडळी याला भाबडेपणा म्हणतात. मी वाङ्मयाच्या बाजूने पाहते. ठरलेली वेळ, ठरलेली बैठक, ओवीच्या चरणाबरोबर आत-बाहेर होणारा श्वास, संकटातून सुटलेल्या माणसांच्या गोष्टी, आणि त्या अर्ध्या तासात बाईला कुणी हाक मारायची नाही असा घराचा अलिखित नियम! संसारी बाईला स्वतःची खोली कुणी दिली नाही. पोथीने तिला अर्धा तास दिला. पहाटे तीनची धास्ती पाच वाजता ओवीच्या तालावर निवते, हा अनुभव खोटा नाही. आपल्या कादंबऱ्यांनी त्यावर हसण्याऐवजी एक गोष्ट शिकावी: वाचक कशासाठी पुस्तक उघडतो ती. फक्त पोथीत तिला आधार मिळतो, आरसा मिळत नाही. आरसा देणे हे कादंबरीचे काम, आणि तो अजून बाकी आहे.

काम अगदीच सुरू झालेले नाही असे नाही. १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले, आणि घरातल्या कर्त्या बाईने केलेला आयुष्याचा रोखठोक जमाखर्च कुटुंबाकुटुंबांत वाचला गेला. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' या चित्रपटात मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने सहा प्रौढ बहिणी पडद्यावर आल्या, तर गावोगावच्या बायका जथ्याने, नऊवारी नेसून थिएटरात गेल्या. चित्रपट म्हणून त्यात गोडवा जरा जास्त आहे. शेवटी सगळ्यांचे सगळे नीट होते. पण त्या गर्दीने एक गोष्ट सिद्ध केली. चाळिशीपुढच्या बाईची कथा कोण पाहणार, असे म्हणणाऱ्या निर्मात्यांना आणि प्रकाशकांना आता ती सबब राहिलेली नाही.

तरुण लेखकांना माझे सांगणे एवढेच आहे. मेनोपॉजवर कादंबरी लिहू नका. तशी कादंबरी म्हणजे आरोग्यखात्याची पुस्तिका होईल. पंचेचाळीस वर्षांची एक बाई लिहा. तिला नाव द्या, धंदा द्या, कर्ज द्या, एखादी जुनी मैत्रीण द्या, आणि तिला रात्री तीन वाजता जागी करा. ती चिडली तर का चिडली ते सुनेच्या नव्हे, तिच्या बाजूने पाहा. ती घाबरली तर लगेच कारण शोधू नका. तिला हसताही येऊ द्या, कारण या वयाच्या बायका एकत्र जमल्या की स्वतःवर जितक्या मोकळेपणी हसतात तितके दुसरे कुणी हसत नाही, आणि ते हसणे अजून मराठीत छापले गेलेले नाही.

आणि हा अंक ज्या घरात मोठ्याने वाचला जात असेल, तिथल्या मंडळींना एक विनंती. घरातली बाई आज रात्री उगाच दिवे लावून बसलेली दिसली, तर "झाले काय?" असे विचारू नका. "मीही बसतो जराशी" म्हणा, आणि बसा. मग ती बोलेल, कदाचित बोलणार नाही. बोललीच तर नीट ऐका. आपल्या भाषेला जो शब्द हवा आहे, तो बहुधा तिच्याच बोलण्यात कुठेतरी असेल.